रिकाम्या पोटाची शिंगटी

मासेवाली मावशी कोणाला नावानं हाक मारत नसे, ज्याच्या त्याच्या करणीवरून नाव ठेवी. तलाठी ‘उद्या या’, पाटील ‘नदीचे मालक’. मी नवा ग्रामसेवक, कपाशीवरच्या औषधाचे डबे वाटणारा. म्हणून मी ‘इखवाले साहेब’, म्हणजे विषवाले.

पैनगंगेच्या डोहात तिचं जाळं असे. मासा धरला की आधी त्याचं पोट चिरून पाही. डोहात पाणकिडे किती, झिंगे किती, शेवाळ कसं, हे त्यावरून सांगे. आम्ही हसायचो. शिकलेले ना आम्ही!

पाटलांचे गडी फवारणीचे पंप डोहातच धूत. दुसऱ्या हंगामात मावशी माझ्या दारात उभी.

“काऊन हो साहेब, दगडाखालचे किडे कुठी गेले? झिंगा तं औषधालेही दिसून नाही राह्यला.”

“मावशी, औषध कपाशीचं आहे. माशांना काही होत नाही,” मी म्हणालो. कुठं वाचलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो.

पुढं बुलढाण्याहून मोठे साहेब आले. हार झाले, भाषण झालं. मावशीनं टोपलीतली एक शिंगटी मासळी काढली आणि त्यांच्या टेबलावरच चिरली.

“पाहा, पोट रिकामं हाय. हिचं खानं तुमच्या इखानं मारलं. आता डोहातले बाकीचे मासेही मरतीन.”

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. पाटील म्हणाले, “मासा उपाशी म्हणून आता सभा भरवायची काय?” सगळे हसले. मीही हसलो.

दिवाळीच्या सुमारास पाणी उतरलं, पंप धुणं चालूच. एका सकाळी डोहावर माशांची पांढरी पोटं तरंगत होती. फुकटचे मासे न्यायला पाटलांचेच गडी पाट्या घेऊन आले. मावशी विळा घेऊन आडवी झाली.

“मरायचं असन तं मले वलांडून जा!”

दिवसभर खपून तिनं ते सगळे मासे पुरले. ज्यांचे जीव वाचवले, त्यांनीच तिला येडी ठरवलं.

डोहात काही उरलं नाही, तेव्हा ती साखरखेर्ड्याला लेकीकडे निघाली. मी वाटेत गाठून माफी मागितली. ती थांबलीसुद्धा नाही.

“मले काय सांगता? मालकाले सांगा.”

त्याच दुपारी पाटलांच्या ओसरीवर गेलो आणि चार माणसांत म्हणालो, “पंप नदीत धुवायचे नाहीत.” दोन महिन्यांत माझी बदली झाली. कागदावर शेरा होता, ‘गावकऱ्यांशी जुळवून घेत नाही.’ उभ्या नोकरीत मला मिळालेला तेवढाच एक चांगला शेरा.