तळवे सर

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मला लाडवाचा डबासुद्धा कधी लपवता आलेला नाही!

मी शवविच्छेदन करणारा डॉक्टर. आता निवृत्त, मुक्काम नाहूर. विद्यार्थी मला पाठीमागे ‘तळवे सर’ म्हणायचे. कोठडीतला मृत्यू शिकवताना मी टेबलावर मूठ आपटून ओरडायचो, “अरे, तळवे कापून बघा! काठीचा मार वरून दिसत नाही, रक्त आत साकळतं!” एकदा तर जोशात बूट काढून स्वतःचाच तळवा वर केला. मोज्याला हे एवढं भोक. वर्ग हसून लोळला. बाजारातही माझं तेच. वांगं चिरून बघितल्याशिवाय घेत नाही. भाजीवाली मला लांबून बघूनच कपाळाला हात लावते.

पण हे तळव्यांचं खूळ माझ्या डोक्यात आलं कुठून? कुणी विचारलं नाही. बरंच झालं — काय सांगितलं असतं?

गोवंडीचा एक तरुण पोरगा पोलीस कोठडीत मेला होता. आदल्या दिवशी त्याला भेटून आलेली त्याची आई, मूळची मालवणकडची, शवागाराच्या दारात माझा हात धरून म्हणाली, “डॉक्टरानू, झिलाचे पाय बघा. त्याका चलाक येय नाय होता.” ती भेटली तेव्हा पोराला चालताही येत नव्हतं म्हणे.

आत कॅमेरा चालू. अशा शवविच्छेदनाचं चित्रीकरण होतं ना, म्हणून मी — शी, लाज वाटते — मिशीला कलप लावून गेलो होतो! तळवे बघितले. वरून स्वच्छ. सुरी हातातच होती. पण बाहेर इन्स्पेक्टर बसलेला. गोड माणूस हो! मघाशी मला चहा पाजता पाजता त्याने सहज विचारलं होतं, “डॉक्टर, मुलगी तुमची मुलुंडच्या कॉलेजात ना?” बस्स. एवढ्यावर माझी तंतरली. धमकी होती ती? की नुसती चौकशी? मी तेवढंही विचारलं नाही. सुरी खाली ठेवली.

बाहेर आलो तर पोराची आई तिथेच उभी.

“बघितले पाय,” मी म्हणालो. “काही नाही.”

मला वाटलं, भांडेल. शिव्या घालेल. ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. “तुमी बघितलात ना, मगे झाला,” म्हणाली. पुढे तिने पोलिसांविरुद्धची तक्रारही मागे घेतली.

मी कापून बघितलंच नव्हतं. आणि आत काय निघणार, ते मला सुरी न लावताही माहीत होतं.