चौथा लाडू

मार्चमधला पहिला शनिवार, सकाळचे साडेसहा. गाडीत माणसं तीन, दुर्बीण एक आणि बेसनाचे लाडू चार. माणसं म्हणजे मी, माझी बायको आणि आमच्या समोरच्या घरात एकटे राहणारे काका. काकांसारखे कान अख्ख्या न्यू जर्सीत कोणाला नाहीत, असं काका स्वतःच सांगत. पडताळल्याशिवाय मी काही मानत नाही. पण अकरा वर्षं दर मार्चला त्यांच्याबरोबर पक्षी बघायला गेल्यावर मलाही ते मान्य करावं लागलं होतं.

‘पक्षी बघायला’ हे मी म्हणतो. काका पक्षी बघत नसत, ऐकत. दुर्बीण माझी होती. तिला ते ‘बहिऱ्यांची सोय’ म्हणत. नागपूरहून येऊन त्यांनी जन्मभर पंपांच्या कारखान्यात नोकरी केली. चालू पंपाशी नुसतं उभं राहून कोणतं बेअरिंग जाणार ते सांगायचे म्हणे, आणि पक्ष्यांचीही तपासणी त्याच कानांनी करायचे. तळ्याकाठी लाल खांद्यांचे काळे पक्षी ओरडू लागले की म्हणत, “याच्या बिजागरीला तेल द्या कोणीतरी.” झुडपातला रेन नावाचा इवलासा पक्षी तीच तान तीनदा घ्यायचा, तर, “हा आमचा मॅनेजर. पॉइंट एकच, स्लाइड्स तीन.” सोबत येणाऱ्यांसाठी नियम कडक होते. सुळसुळणारं जॅकेट चालायचं नाही, चिवड्याची पिशवी गाडीतच ठेवायची, आणि हायवे सोडला की चारही काचा खाली. बाहेर पाणी गोठलेलं असलं तरी खाली. बायको दोन शालींमधून कुरकुरायची, “काका, कान गळून पडतील यार माझे!”

“पडू देत. ऐकायला मी आहे.”

लाडू पूर्वी काकू करायच्या. त्या गेल्यावर काका स्वतः करू लागले. चव तीच, पण फोडायला दगड लागेल असे. प्रत्येकी एक, आणि चौथा पैजेचा. पक्षी ऐकू आला की काकांचं बोट वर व्हायचं; त्याआधी ज्याला तो ऐकू येईल, त्याचा. अकरा वर्षांत तो कोणाला मिळाला नव्हता. परतताना काका तो आमच्यासमोर, सावकाश, बोटं चाटत खायचे.

तळ्यामागे पाइनची राई आहे. शेंड्याला अंगठ्याएवढा, सोनेरी डोक्याचा किंगलेट पक्षी असतो. आवाज सुईच्या टोकासारखा बारीक. आमचा दिवस सुरू व्हायचा तो त्या झाडाखाली काकांचं बोट वर झाल्यावर. यंदाही काका डोळे मिटून उभे राहिले. आम्ही श्वास रोखून मागे. बोट काही वर होईना.

“आज नाहीये,” ते म्हणाले. “लवकर गेला वाटतं उत्तरेला.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. पक्षी बरोबर काकांच्या डोक्यावर होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. मलासुद्धा ऐकू येत होता. हॉटेलच्या बिलातली चूक मी तिथल्या तिथे दाखवतो. पण त्या दिवशी मी दुर्बिणीची काच पुसत राहिलो.

“चला काका, चहा घेऊ,” बायको म्हणाली. पण बोलताना तिची नजर वर गेली, आणि काकांनी ती पकडली.

“बोलतोय?”

बायको शाल घट्ट करू लागली.

“पोरी, मी विचारतोय. बोलतोय का तो?”

“हो काका.”

“कुठे?”

तिने फांदी दाखवली. काका बराच वेळ वर पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

“द्या ती दुर्बीण.”

मी गळ्यातून काढून दिली. त्यांना ती धरताही येत नव्हती. मीच नीट लावून दिली. “चोच हलतेय,” ते पुटपुटले. “चांगली हलतेय की.” थोड्या वेळाने म्हणाले, “पोरी, कसा बोलतोय ते म्हणून दाखव.”

तिने आवाज चढवून ‘सी सी सी’ केलं. काकांनी मान हलवली. “खाली घे. अजून खाली.” ती एकेक पायरी उतरत गेली. पक्षी वर त्याच्या पट्टीत, ही खाली हिच्या. शेवटी तिचा आवाज पक्ष्यासारखा मुळीच राहिला नाही, आणि तेव्हा काकांचं बोट, दुर्बीण डोळ्यांवरून न काढता, हळूच वर झालं.

परतताना त्यांनी आपल्या बाजूची काच स्वतः वर केली. “थंडी आहे,” म्हणाले. अकरा वर्षं आम्ही या वाक्याची वाट पाहिली होती. तळं आलं तशी मी माझ्या बाजूची काच खाली केली. लाल खांदेवाले कर्कश ओरडत होते. बायको शालीतून काही कुरकुरली नाही.

“तेल द्या रे त्याला,” मागून काका म्हणाले.

घरासमोर उतरल्यावर त्यांनी डबा उघडून बायकोपुढे धरला.

“असू दे हो काका. तुम्ही खा.”

“पैज ती पैज. तू आधी ऐकलंस.”

चौथा लाडू तिला मिळाला. काका रिकामा डबा घेऊन रस्ता ओलांडून गेले. दुर्बीण त्यांच्या गळ्यातच राहिली होती. मी हाक मारली नाही.