रंगनाथआबा आणि परतीक्षाचं नाक

रंगनाथआबा गेल्याचं आम्हाला कुणी सांगायला आलं नाही. सकाळचे सहा वाजून गेले, आम्ही सात-आठ बायका दुधाचे कॅन घेऊन संस्थेच्या शेडपुढे उभ्या, आणि शेडला कुलूप. दुष्काळात गावची निम्मी जनावरं छावणीत होती, तेव्हासुद्धा दोन कॅन दुधासाठी या माणसानं शेड वेळेवर उघडलं होतं. शेजारची मथुराबाई म्हणाली, "आबा आले न्हाईत म्हंजे आबा न्हाईत." झोपेतच गेले होते. पोटात भाकरी आणि ठेचा, कुणाला हाक मारायची वेळ आणली नाही. असं मरण मागून मिळत नाही. महिना झाला आता... रडून झालंय, म्हणून लिहायला बसले आहे.

आमची दूध संस्था सहकारी, पण एवढीशी. आबा तिचे सचिव आणि नात्यानं माझे चुलत सासरे. मी तेलगावजवळच्या याच गावात शिक्षिका आहे, पण दारात दोन म्हशी असल्यानं आबांच्या लेखी मी फक्त दूधवाली सूनबाई. फॅटचं मशीन नंतर, आधी आबांचं नाक. झाकण उघडायचं, वाकायचं, एक दीर्घ श्वास, की निकाल. म्हशीनं काल उसाचं वाढं खाल्लं की सरकी, तेही सांगायचे. एक नासका कॅन सगळ्या टाकीची माती करतो, हे त्यांचं पालुपद. एकदा माझाच कॅन परत केला, तर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले आणि चहा मागून प्यायले.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. मास्क नाकाखाली आला की ग्रामसेवक अंगावर यायचा. आता मास्कमधून दुधाचा वास कसा घेणार? आबांनी तोड काढली. माझी मुलगी प्रतीक्षा तेव्हा अकरा वर्षांची, शाळा बंद, घरी नुसता उच्छाद. तिचं नाक तिखट, शेजारणीच्या फोडणीत काय पडलं ते घरात बसून सांगायची. आबांनी तिलाच कामावर घेतलं. "परतीक्षा, घे वास," म्हणायचे, की ती मास्क खाली करून कॅनात डोकवायची. पोरांना काही होत नाही, असं तेव्हा सगळं गावच म्हणत होतं. मी मास्तरीण असून मलाही ते खरंच वाटलं, हे कबूल करायला लाज वाटते.

एका सकाळी तिनं सगळे कॅन पास केले आणि दुपारी शीतकरण केंद्रावरून गावची अख्खी टाकी परत आली. कुणाचं तरी रात्रीचं आंबलेलं दूध त्यात गेलं होतं. शेडपुढे माणसं जमली. पोरगी खेळता खेळता काम करते, हे बोलणं कानावर आलं आणि माझं डोकं सटकलं. सगळ्यांदेखत मी तिला एक ठेवून दिली. ती रडली नाही. गाल धरून एवढंच म्हणाली, "आई, मला वास आलाच न्हाई." आबा उठले. मला बाजूला सारलं आणि लोकांना म्हणाले, "नाक सचिवाचं लागतं. मी कामचुकारपणा केला. तिला कोणी बोलायचं न्हाई." मग तिच्यासमोर कांदा फोडून धरला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तिच्या चेहऱ्यावर काही नाही.

तपासणीत ती पॉझिटिव्ह, मी आणि आबाही पॉझिटिव्ह. माझ्याच शाळेच्या वर्गात आमचं विलगीकरण झालं. प्रतीक्षाला ताप नाही, खोकला नाही, वर्गभर उड्या मारायची. आबा दोन दिवस खोकले आणि तिसऱ्या दिवशी तंबाखू मागू लागले. आपण सुटलो, असं वाटलं. पण घरी आल्यावर पोर जेवेना. आंबा दिला तर म्हणाली, ओला कापूस चावल्यासारखा लागतो. महिना गेला, दीड गेला. गालाची हाडं दिसू लागली. बडबडी पोर माझी, कोपऱ्यात गप्प बसायची. डॉक्टर म्हणाले, बहुतेक मुलांना वास परत येतो, रोज निरनिराळे वास देत राहा. मी दिलेला वास ती घ्यायची नाही. माझ्यावर विश्वास कशाला ठेवेल?

आबांनी दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या धुतल्या. त्यांत ओवा, वेलदोडा, हिंग, लिंबाचा पाला भरला. झाकणांवर नावं चिकटवली. दूध गेलं की शेडात प्रतीक्षाच्या डोळ्यांवर पंचा बांधून एकेक बाटली नाकाशी धरायचे. बघता बघता गावातली दहा-बारा पोरं जमायला लागली, सगळ्यांनाच डोळे बांधून हवे. हिंगाला वेलदोडा म्हणणाऱ्याला उठाबशा. एवढा दंगा, की म्हशी पान्हा चोरतील म्हणून बायका ओरडायच्या. प्रतीक्षा रोज हरायची, तरी रोज जायची. आणि एक दिवस, आबा बाटली धरून बसलेले असताना, डोळे बांधलेल्या पोरीनं एकदम नाक मुरडलं. "ई... आबा, बोकड आलाय." खरंच, मागून धनगराचा कळप चालला होता आणि त्यातला दाढीवाला बोकड शेडाला अंग घासत होता. आबांनी आधी वळून बोकड पाहिला, मग टाळी वाजवली. त्या घाणेरड्या बोकडाला मी ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं.

शाळा सुरू झाली तरी आबांनी तिला सोडलं नाही. रोज सहाला शेडात हजर. मी कुरकुर करायचे, पोरीचा अभ्यास बुडतो म्हणायचे. ते म्हणायचे, "सूनबाई, मी म्हातारा झालो. संस्थेला नाक नको का?" आता ती दहावीला गेली.

दशक्रिया झाल्यावर संचालकांची बैठक बसली, आबांसारखं नाक आणायचं कुठून म्हणून. मी घरी येऊन ते सांगितलं तर प्रतीक्षा भाकरी मोडता मोडता थांबली.

"आई, आबांना वास येतच नव्हता. माझा गेला तवापासनं. माझा परत आला, त्यांचा न्हाई आला."

ती म्हणाली, एकदा बाटल्यांच्या झाकणांची अदलाबदल झाली होती. तिनं ओवा ओळखला, तर आबांनी झाकण वाचून सांगितलं, चूक, वेलदोडा. मग बाटली स्वतःच्या नाकाशी धरून पुन्हा म्हणाले, वेलदोडाच हाय. आत ओवा होता. तेव्हापासून प्रत्येक कॅन ती हुंगायची आणि वळून त्यांना हळूच सांगायची. आबा मग वाकून, दीर्घ श्वास घेऊन, मोठ्यानं निकाल द्यायचे. चार वर्षं गावाला पत्ता नाही.

"मग मला कावून न्हाई सांगितलं?" मी म्हणाले.

"कावून सांगू? मला वास आला न्हाई तवा त्यांनी सांगितलं होतं का गावाला, की पोरगी चुकली म्हणून?"

मी जवळ ओढून घेतलं तिला, ज्या गालावर मारलं होतं त्याच्यावर हात ठेवला. चार वर्षांनी का होईना, माफी मागितली. ती म्हणाली, भाकरी गार होतीय.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी संचालकांपुढे उभी राहिले. कुणी ना म्हणालं नाही. आता रोज शाळेआधी ती शेडात असते. झाकण काढते, वाकते, आणि आबांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून हळूच म्हणते, "चांगलं हाय." सवय, दुसरं काय. कुणी हसत नाही. परवा मात्र एका कॅनावर ती जरा जास्त वेळ वाकली. खुर्चीकडे वळली, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्ये आंबूस हाय. परत न्या."

कॅन आमचा होता. मी मुकाट्यानं उचलला आणि घरी येईपर्यंत एकटीच हसत होते.