रिकामा किल्ला

ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत मंदाकिनी परुळेकरांच्या हुकमावाचून दिवाळीचा किल्ला उभा राहत नाही. बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या, हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नाही. माती चाळायची, गोणपाट भिजवायचं, उतारावर अळीव पेरायचे, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत. पोरं वैतागतात, तरी दरवर्षी त्यांच्याच दारात जाऊन उभी राहतात.

गेल्या वर्षी ठाण्याच्या एका प्रदर्शनात त्यांना धातूचे, हाताने रंगवलेले मावळे दिसले. मोजकेच संच काढणार, पैसे भरून आगाऊ नोंदणी करा, गणपतीपर्यंत घरपोच. कंपनीचा मालक सलिल, तरुण पोरगा. "काकू, मी डोंबिवलीचाच," म्हणत चक्क वाकून पाया पडला. झालं! बाई विरघळल्या. आपल्याकडचा मुलगा, पाया पडतो, तो कशाला फसवेल? एवढ्यावर त्यांनी अख्ख्या इमारतीला नोंदणी करायला लावली. मीही केली. कुणी पाया पडलं की आपली अक्कल कुठे जाते, देव जाणे.

गणपती गेले, दिवाळी गेली, यंदाचे गणपतीही गेले. कधी साचा तुटला, कधी रंगारी आजारी, कधी माल बंदरात अडकला. दर वेळी मेसेजमध्ये नवं कारण आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र. वर त्याच कंपनीची नव्या तोफांच्या नोंदणीची जाहिरात! निर्लज्जपणाला काही सीमा?

एकदा जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या भावनाने विचारलंच, "काकू, तुम्हाला कमिशन होतं का हो?" हसत विचारलं, पण विचारलं. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. पैशांचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. लोकांनी त्यांच्या शब्दावर नोंदणी केली होती आणि आता तोच शब्द खोटा पडत होता, हे त्यांना सोसेना.

या दिवाळीत पोरं म्हणाली, मातीचे मावळे आणू. "एकही आणायचा नाही," बाईंनी बजावलं. किल्ला झाला. बुरूज, दरवाजा, हिरवागार उतार, आणि वर चिटपाखरू नाही. पुढे पाटी: 'मावळे नोंदवले आहेत. कंपनी म्हणते, येतील.' खाली कंपनीचं नाव, ठसठशीत अक्षरांत. लोक फोटो काढायला डोंबिवलीहून येऊ लागले.

मग सलिलचा फोन आला. बाईंनी तो सगळ्यांसमोर स्पीकरवर टाकला.

"काकू, प्लीज ती पाटी काढा ना. मार्केटमध्ये माझी वाट लागलीय. तुमचा सेट उद्याच पाठवतो, पक्का."

"आणि बाकीच्यांचे?"

"येतील ना ते पण, हळूहळू. तुमचं तर काम झालं!"

"अरे, मी सांगितलं म्हणून या लोकांनी नोंदवलं. सगळ्यांचे घेऊन ये, पाटी मी स्वतः काढते." आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी खोकं आलंच. एकच, बाईंच्या नावाचं. गेटवर गर्दी झाली. खरं सांगतो, माझे हात शिवशिवत होते. बाईंनी त्याला बोटसुद्धा लावलं नाही.

"परत न्या," त्या कुरियरवाल्याला म्हणाल्या.

"कारण काय टाकू, मावशी?"

"टाका, सगळ्यांचं आल्याशिवाय घेणार नाही."

मग मागून भावना पुढे आली. "दादा, भावना पेडणेकर, तिसरा मजला. माझं एकटीचं आलं तर तेही परत न्या. आमचं तसं ठरलंय."

तसं काहीच ठरलेलं नव्हतं. पण मीही लगेच माझं नाव सांगून टाकलं.