मुंबई ते फ्रँकफर्ट, पाच तास

अण्णांनी मला विमानतळावर कांद्याच्या पिकअपमधून सोडलं. चांदवडहून पहाटेच निघालो. पुढं अण्णा, आई आणि मी, मागं माझ्या दोन बॅगा. घाटापर्यंत आईचा पदर डोळ्यांना लागलेला. चहाला थांबलो तेव्हा अण्णांनी माझं तिकीट मागून घेतलं. मुंबईहून दुपारी एक, फ्रँकफर्टला संध्याकाळी सहा. बोटांवर मोजून म्हणाले, "पाच तास! अगं, आपल्याला वाशी मार्केटला जायला पण तेवढेच लागतात. रडती काय?"

थंडीत जर्मनीचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं, हे मला ठाऊक होतं. पण आईनं पदर खाली घेतला होता, म्हणून मी गप्प बसले. एकदा गप्प बसलं की बसलंच. परतीच्या तिकिटावर साडेबारा तास दिसले, तेव्हा अण्णा म्हणाले, "येताना घाट लागत असंल." मी त्यालाही मान डोलावली. तीन वर्षं ते गावभर सांगत फिरले, पोरगी वाशीएवढीच लांब हाय म्हणून.

बाहेरदेशी राहिलेल्यांना हे लांबपण वेगळंच कळतं. चांदवडला आमच्या दाराला दिवसा कडी नसायची, येणारा थेट चुलीपाशी यायचा. इथं शेजारीण आधी मेसेज करते आणि मग बेल वाजवते. डॉक्टरची 'टर्मिन', म्हणजे भेटीची वेळ, मिळाली की सण असल्यासारखं वाटतं. चांगली माणसं आहेत, तक्रार नाही. पण मला दिवस गेले तेव्हा मला आईच हवी होती.

तिचे गुडघे गेलेले. फार वेळ बसलं की पाय सुजतात, म्हणून ती वाशीलाही पुन्हा गेली नाही. पाच तास कसेबसे काढीन म्हणत तयार झाली, तिकीटही काढलं. मला मात्र घास गोड लागेना. प्रवास साडेनऊ तासांचा आहे हे सांगितलं तर ती येणार नाही, आणि न सांगता तिला बसवायचं तरी कसं? शेवटी फोनवर रडतच सांगून टाकलं.

आई हसली. "मने, तू पहिल्यांदा पोचल्याचा फोन केला तव्हा आमची जेवणं होऊन भांडीबी घासून झाली होती. दुपारची निघालेली पोर. मला मोजता येत नाय का? पण त्यांना काय बोलू नको. पाच तास म्हणून निवांत झोपतात बिचारे."

"आणि गुडघे?"

"दुखतील. म्हणून येऊ नको का?"

आणि आली. व्हीलचेअरवर, मांडीवर डिंकाच्या लाडवांची पिशवी. मला जवळ घ्यायच्या आधी म्हणाली, "त्यांना फोन लाव. पाच तासात पोचले म्हण."

पहिल्या रिंगलाच अण्णांनी फोन उचलला. आमच्याकडं संध्याकाळचे सात, चांदवडला रात्रीचे साडेअकरा, विमान सुटून साडेदहा तास झालेले. एरवी आठलाच घोरणारा माणूस.

"पोचली ना? पाचच तास लागले का नाय? म्हटलं नव्हतं मी?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाय लय सुजलेत का गं तिचे?"

म्हणजे त्यांनाही सगळं माहीत होतं. इतकी वर्षं आम्ही तिघं एकमेकांपासून तेच लपवत होतो. घर म्हणतात ते माझ्यासाठी आता एवढंच आहे, आणि ते पुरतं.

आईच्या टम्म फुगलेल्या पावलांकडं बघत मी म्हटलं, "नाय अण्णा. जरा पण नाय."