बाजेच्या दांडीची कुऱ्हाड

माझ्या पराक्रमांची यादी तशी आखूडच, आणि त्यातले निम्मे पराक्रम आमची मंडळी चारचौघांत खोडून काढतात. हा एक मात्र त्यांना खोडता येत नाही, कारण त्यांचे वडील तिथं जातीनं हजर होते.

सोलापुरातली गिरणीची कारकुनी सोडून मी वाटणीला आलेल्या माळावर खोपट घातलं आणि बायकोला घेऊन तिथं राहायला गेलो. जेऊरपासून चार कोस लांब. शेजार म्हणजे एका धनगराची पालं, तीही मेंढरांना चारा असेल तोवर. सासरे जेऊरचे. त्यांना हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. त्यांनी निरोप धाडला : "मृगाच्या आधी बैलगाडी घेऊन येतो. पावसाळाभर चूल पेटेल एवढं फोडलेलं सुकं जळण दिसलं तर ठीक. नाहीतर मुलीला भांड्याकुंड्यांसकट घेऊन जाईन."

बायको म्हणाली, "मी वहिनीच्या हाताखाली भाकऱ्या थापायला जाणार नाही. तुम्ही लाकडं फोडा."

लाकडं होती. बांधावर दोन वाळक्या बाभळी आडव्या पडल्या होत्या, आणि करवतवाल्यांनी त्यांचे ओंडकेही पाडून दिले होते. कुऱ्हाडही होती. सोलापूर सोडताना मी ती मोठ्या दुकानातून पारखून घेतली होती. पारख म्हणजे काय, तर पात्यात मला माझ्या मिशा दिसल्या. विलायती माल, पातळ पातं, गुळगुळीत रंगवलेला दांडा.

पहिला घाव घातला. पातं लोण्यात रुतावं तसं बाभळीत रुतलं आणि तिथंच राहिलं. ओढलं, हलवलं, ओंडक्यावर पाय देऊन पाहिलं. शेवटी कुऱ्हाड उचलली तर ओंडकाही तिच्यासोबत वर आला. तो तसाच घेऊन मी अंगणात गोल फिरत होतो, तेवढ्यात धनगराची बायको ताक घेऊन आली. तिनं ताकाचं मडकं आधी खाली ठेवलं, मग हसायला सुरुवात केली.

"पावनं, ही झाड पाडायची हाय की! हिनं फोडत्यात व्हय?"

"मग फोडायची कुठली, मावशी?"

"जाड. पोट सुटल्याली. लाकूड कापायचं न्हाय, दुभंगायचं. आन् आमची ही बगा," तिनं खांद्यावरची लांब काठीची, तळहाताएवढ्या पात्याची कुऱ्हाड दाखवली, "ही नुसत्या डहाळ्या पाडायची. शेरडांसाठी. तीन कामं, तीन कुऱ्हाडी. तुमी एकीवर संसार मांडलाया."

जेऊरचा लोहार जवळचा होता. पण तिथं सासरे! तेव्हा मोडनिंबचा लांबचा पल्ला मारला. लोहाराकडं पाती ओळीनं मांडलेली. या वेळी मी मिशा पाहिल्या नाहीत. सगळ्यांत कुरूप, काळं, मागं जाडजूड आणि धारेला जेमतेम धार असलेलं पातं उचललं. लोहारानं माझ्या हातांकडं पाहिलं आणि म्हणाला, "घरात कुणी फोडनारं हाय नव्हं?"

आमच्याकडं लोहार पातंच देतो. दांडा ज्यानं त्यानं आपल्या हाताच्या मापानं घालायचा. मी वाटेत एक झकास सरळ फांदी तोडून तिचा दांडा घातला. ओली फांदी. चार दिवसांच्या उन्हानं ती आकसली, आणि पाचव्या दिवशी मी घाव वर नेला तेव्हा दांडाच तेवढा खाली आला. पातं खोपटाच्या छपरातून आत शिरून पिठाच्या डब्याशेजारी उभं राहिलं. पांढरीफटक बायको बाहेर आली. पीठ किती आणि भीती किती, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

"वाळलेलं लाकूड घाला दांड्याला!" ती ओरडली.

वाळलेलं, सरळ आणि चिवट लाकूड आमच्या घरात एकाच जागी होतं. तिच्या माहेरहून आलेल्या बाजेत. माझी नजर तिकडं गेली, तिची माझ्या नजरेवर गेली. ती म्हणाली, "लांब बाजूची काढा. आपण खाली झोपू."

बोरीची ती दांडी तासली, पाचर मारली. मग मात्र ओंडके असे उलू लागले, की मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. दर घावाला फाट! धनगराची बायको येता-जाता "लई भारी!" म्हणायची, आणि मी तिला दिसावं म्हणून आणखी दोन फोडायचो.

सासरे आले. रचलेली रास पाहिली, भोवती फिरले, आणि मी चुकवून ठेवलेला एकमेव ओंडका त्यांनी नेमका शोधला. तीन गाठींचा, हत्तीच्या पायासारखा.

"हा कशाला ठेवलात, जावईबापू?"

"आपल्यासाठी."

तोंडातून निघून गेलं. बायकोनं कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी पागोटं काढून ठेवलं, दोन्ही कुऱ्हाडी न्याहाळल्या आणि चकचकीत विलायती उचलली. घाव जोरदार होता. पातं रुतलं. त्यांनी ओढलं, हलवलं, ओंडक्यावर पाय दिला. पुढं काय होणार हे मला तोंडपाठ होतं, म्हणून मी अदबीनं पुढं झालो.

कुरूप कुऱ्हाड घेतली. गाठ टाळून कडेला एक, समोरून दुसरा. तिसऱ्या घावाला ओंडका कडाडला आणि दोन्हीकडं पडला. विलायती कुऱ्हाड मधून आपोआप सुटून सासऱ्यांच्या पायाशी आली.

त्यांनी आतलं कोरडं, तांबूस लाकूड हातात घेतलं, वास घेतला. मग गाडीवानाकडं वळून म्हणाले, "भांडी चढवायची नाहीत. बैल सोड."

दुसऱ्या दिवशी ती गाडी भरूनच परत गेली. त्यांच्या चुलीसाठी अर्धी रास त्यांनी मागून नेली, आणि मी ती स्वतः चढवून दिली. आणखी एखादी वाळकी बाभूळ पाडून पुन्हा फोडायला मृगापर्यंत चांगले नऊ दिवस होते.