उदबत्तीवाले काका

इंदिरानगरच्या आमच्या शिलाईच्या हॉलच्या खिडक्या धुळीमुळे बंदच असतात. म्हणून प्रत्येक मशीनसमोर एक पाइप बसवलाय. गच्चीवरून ओढलेली ताजी हवा त्यातून थेट तोंडावर येते आणि शेजारणीचा खोकला आपल्या नाकात जात नाही म्हणे. पण हवा गार, घसा बसतो. मी सरळ त्यात चिंधी कोंबून ठेवली.

पाइप तपासणारे काका दर सोमवारी यायचे. नाव कधी कळलं नाही. पेटलेली उदबत्ती ते एकेका पाइपपुढे धरायचे. धूर आमच्या तोंडाकडे वळला की पुढे जायचे. "आरती आली गं!" म्हणत बाया हात जोडायच्या, पण ते हसायचेही नाहीत. माझ्यापुढे धूर सरळ वर जायचा. मग चिंधी ओढून काढायचे, नीट घडी घालून माझ्या हातात द्यायचे. ते गेले की मी ती परत कोंबायची. नुसता वैताग!

एका सोमवारी मी विचारलंच, "काका, तुमचं काय जातं हो?"

"गाव कुठलं तुझं?"

"भंडाऱ्याकडचं."

"तिकडं आजारी पडलीस तर आई आहे, पोरी. इथं हा पाइपच आहे."

सातवीतून शाळा सोडून मी इथे आले. गेल्या थंडीत खोलीवर तापाने चार दिवस एकटी पडून होते. पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. हे यांना कोणी सांगितलं?

दुसऱ्याच दिवशी शेजारची बाई खोकायला लागली. मी चिडचिड करतच चिंधी काढली.

पुढच्या सोमवारी धूर वळला तो थेट माझ्या डोळ्यांत. काकांनी पाहिलं आणि पुढच्या मशीनकडे गेले. "बरं केलंस" एवढं तरी म्हणावं ना माणसानं!

आणि मला मेलीला तरी "उपकार झाले" म्हणायला काय झालं होतं?